त्याच समुद्रवाटेने

तोआमासिनाच्या बंदरामागे, लिचीच्या रिकाम्या टोपल्या
जिथे एकीत एक घालून ठेवतात,
तिथे दिव्याखाली तो बसला होता,
पडेल ते पाखरू गिळत.
हमाल त्सिलावीनाने चपलेच्या टोकाने ढोसलं.
हलला नाही.
हलायची घाई त्याच्या घराण्यात कुणालाच नव्हती.

डोळ्यांमागे विषाच्या दोन थैल्या,
जाड, कोरडं, खडबडीत कातडं,
कमरेशी चरबीची शिदोरी
आणि बैलाच्या खुराएवढ्या डबक्यातही
अंड्यांची काळी माळ सोडून मोकळं व्हायची तयारी:
एवढं सामान घेऊन ते घराणं, म्हणतात,
दक्षिण अमेरिकेतून निघालं,
माणूस नावाची गोष्ट नव्हती तेव्हा,
आणि उत्तरेच्या, आता बुडालेल्या, जमिनीवरून
आशियात उतरलं. पायी.
विहिरीतला बेडूक म्हणून ज्याने कुणी हसून घेतलं
त्याने याला पाहिलं नसावं.

शेवटचा टप्पा मात्र फुकटात झाला,
कुठल्यातरी लोखंडी पेटीत, कशाच्यातरी बुडाशी,
ओल धरलेल्या कोपऱ्यात.
जहाजाचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

हाइंगो रात्री इवोलोइनाच्या काठाने जाते,
कपाळावर दिवा, हातात झाकणाची बादली.
एकेकाला उचलते, जबडा उघडते,
गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवते,
नळीवर तारीख घालते.
तिने कधी बेट सोडलेलं नाही.
नळ्या विमानाने जातात.

सात महिन्यांनी उत्तर आलं: कागदावर एक झाड.
एक फांदी जावाची, एक ब्रह्मदेशाची, एक लंकेची,
आणि तोआमासिनाचे झाडून सगळे भेक
मेकाँगच्या मुखाशी, एकाच डहाळीला
लगडलेले, इतके सारखे
की चार-सहा जणांनीच, बहुधा,
हा सगळा चिखल भरला.

गोठ्यामागे मेनाराना मरून पडला होता,
तोंडात अर्धा भेक.
इथल्या सापांना हे विष माहीत नाही.
माहीत व्हायला लागतात तेवढ्या पिढ्या
त्याच्याकडे नव्हत्या, एक संध्याकाळ होती.

"परका तो परकाच," हाइंगोचा भाऊ म्हणाला.
"मीठ टाकून मारा सगळे."
वुलातियानाबाई ओसरीवर शाळेच्या वह्या तपासत होत्या.
वर न बघता म्हणाल्या,
"आकाशाला काय म्हणतोस?"
"लानित्र."
"बोर्निओत जा, लांगित म्हणतील.
दगडाला?"
"वातु."
"तिथे बातु.
होडीला बाजूने एक ओंडका बांधून आलो आपण,
पोत्यात तांदूळ, पोटात वाट.
तेव्हा या बेटावर दहा फूट उंचीचा पक्षी होता.
दक्षिणेकडे वाळूत अजून
त्याच्या अंड्यांची टरफलं सापडतात.
माझ्या काकांनी एक विकलं होतं,
सायकल घेतली."

भाऊ बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "पण आपण गाणी आणली."
भातखाचरातून तेव्हाच सुरू झालं,
एक, मग पंधरा, मग मोजदाद नाही,
गळ्याच्या पिशव्या फुगवून काठोकाठ.
बाईंनी नुसती मान त्या बाजूला केली
आणि चौथीच्या कुणाचातरी चुकलेला भागाकार
लाल शाईने दुरुस्त केला.

हाइंगो म्हणाली नाही काहीच.
तिला माहीत होतं, साप कोणाच्या बाजूचे होते.
उद्याही ती पकडणार होती, परवाही;
जाळी लावून झाली होती, चर खणून झाले होते,
आणि ते आता नदीच्या वरच्या अंगाला
दोन गावं पुढे होते.

बादलीत सदतीस.
झाकणावर तिने दगड ठेवला.
वातु, ती म्हणाली.
मग, कुणी ऐकत नाहीसं बघून,
बातु.